घरावर सरफेसीची नोटीस आली तेव्हा: दिवाळखोरीच्या कायद्यापासून एका पत्रापर्यंत

सरफेसी म्हणजे कोर्टात न जाता बँकेला गहाण घर ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा. त्याची नोटीस घरी आली की माणूस आधी मोबाईलवर शोधतो, मग ओळखीच्या लोकांना विचारतो आणि प्रत्येकजण काहीतरी वेगळंच सांगतो. आमच्याबरोबर तेच झालं. त्यात महिना कसा गेला कळलंच नाही, आणि या कायद्यात महिना म्हणजे निम्मी मुदत असते. म्हणून जे जे आम्ही केलं, जे कळलं, ते सगळं लिहून ठेवतेय, ज्याला लागेल त्याला उपयोगी पडू दे.

आमचं कोल्हापूरजवळ पाचगावला रो-हाऊस आहे. मिस्टरांचं शिवाजी उद्यमनगरात वर्कशॉप, दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन, फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं जॉबवर्क करतात. मी घरी आठवी ते दहावीचे गणिताचे क्लास घेते. कर्ज दोघांच्या नावावर, म्हणजे मी सहकर्जदार. हे आधीच सांगते कारण नोटीस आली की ती बाईच्या नावानंपण येते, "मला काय त्यातलं कळत नाही" म्हणून बाजूला बसायची सोय नसते.

कर्ज मार्च २०२१ मध्ये घेतलं, ३० लाख, २० वर्षं, व्याज ६.९ टक्के, हप्ता २३,०८०. तेव्हा रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) ४ टक्के होता आणि आमचं कर्ज रेपोला जोडलेलं. मग मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं रेपो वाढवायला सुरुवात केली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० ला जाऊन थांबली, म्हणजे आमचं व्याज ९.४ टक्के. सुरुवातीला बँकेनं हप्ता तोच ठेवला आणि आत गुपचूप मुदत वाढत गेली. मी स्टेटमेंट काढून बघितलं तर २३,०८० मधले साडेबावीस हजार व्याजात जात होते आणि मुद्दलात जेमतेम पाच-साडेपाचशे रुपये. मी मुलांना चक्रवाढ व्याज शिकवते, त्यामुळं ते आकडे बघून पोटात गोळाच आला. त्या गतीनं कर्ज फिटायला चाळीस वर्षं लागली असती. मग बँकेनं हप्ता २४,९०० च्या घरात नेला आणि मुदत २०४८ पर्यंत. २०४१ ला संपणारं कर्ज सात वर्षं पुढं गेलं आणि त्यावर आमची सही कुणी घेतली नाही. (नंतर १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं सर्क्युलर काढलं की व्याजदर बदलला तर हप्ता वाढवायचा का मुदत वाढवायची का दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारायचं, फिक्स्ड रेटला जायचा पर्याय द्यायचा, आणि दर तिमाहीला मुद्दल किती फिटलं व्याज किती गेलं हप्ते किती राहिले याचं स्टेटमेंट द्यायचं. हे सर्क्युलर प्रत्येक होम लोनवाल्यानं वाचावं.)

तरीपण हप्ते चालू होते. २०२४ च्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम आल्या. मिस्टरांच्या पाठीचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी मशीनवर उभं राहायचं नाही म्हणून सक्त सांगितलं, आणि त्याच सुमारास ज्या एका फाउंड्रीचं काम आमच्याकडं सगळ्यात जास्त होतं त्यांनी बिलं थकवली. मे महिन्यापासून हप्ता चुकला. क्लासच्या फीवर घरखर्च आणि औषधं भागत होती, हप्ता नाही.

इथं बँकेची भाषा माहीत असलेली बरी. हप्ता चुकला की खातं आधी एसएमए, म्हणजे लक्ष ठेवायच्या खात्यांमध्ये जातं, ३० दिवसांपर्यंत शून्य, ६० पर्यंत एक, ९० पर्यंत दोन, आणि ९० दिवस उलटले की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. पहिल्या तीन टप्प्यांत बँक ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत असते. मी दुसऱ्या महिन्यातच शाखेत जाऊन ऑपरेशनची कागदं दाखवून विचारलं, सहा महिने नुसतं व्याज भरतो, मुद्दल पुढं ढकला, कर्जाचं रिस्ट्रक्चर करून द्या. मॅनेजर माणूस चांगला होता, त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मॅडम, रिस्ट्रक्चर केलं तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमानं खातं एनपीए मध्येच टाकावं लागतंय, मग वरून मंजुरी मिळत नाही." हे खरंच आहे, मी नंतर ताडून बघितलं. करोनात ६ ऑगस्ट २०२० ला आणि परत ५ मे २०२१ ला रिझर्व्ह बँकेनं खास सवलत दिली होती, खातं एनपीए न करता होम लोनची मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवता येत होती, पण ती सवलत ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत अर्ज करणाऱ्यांनाच. पूर आला तरी तशी वेगळी वाट असते. २०१९ ला पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३, तेव्हा शाहूपुरी, नागाळा पार्क, कुंभार गल्लीतल्या लोकांची दुकानं घरं पाण्यात होती आणि अशा आपत्तीत बँकांना कर्जाचं पुनर्गठन करायला रिझर्व्ह बँकेचीच मुभा असते. आख्ख्या शहरावर संकट आलं तर नियम वाकतो. एका घरातला कमावता माणूस तीन महिने अंथरुणात पडला तर त्याच्यासाठी नियमात जागाच नाही. मला हे अजूनही पटत नाही, कारण त्या घरापुरता तो पूरच असतो.

फोन सुरू झाले. वसुलीवाल्यांचे. त्याबद्दल एवढंच सांगते की १२ ऑगस्ट २०२२ च्या सर्क्युलरप्रमाणं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, नातेवाईकांना शेजाऱ्यांना सांगून बदनामी करता येत नाही. एकदा रात्री साडेआठला फोन आला तेव्हा मी सर्क्युलरची तारीख सांगितली आणि उद्या हे लेखी देते म्हटलं, परत रात्री फोन आला नाही.

सप्टेंबरात नोटीस आली. रजिस्टर पोस्टानं, दोघांच्या नावाची दोन वेगळी पाकिटं. पोस्टमन सही घेताना आमच्या तोंडाकडं बघत नव्हता, त्याला पाकीट बघूनच कळतं वाटतं. आत इंग्रजीत मजकूर आणि शेवटच्या पानावर शेड्यूल, त्यात आमच्या घराची चतुःसीमा, पूर्वेला कॉलनीचा रस्ता, पश्चिमेला गटातली शिल्लक जागा, दक्षिणेला शेजाऱ्यांचं नाव. खरेदीपत्रात हीच चतुःसीमा आम्ही सब रजिस्ट्रार ऑफिसमध्ये बसून दोनदोनदा वाचली होती. आणि रक्कम, आमची थकबाकी होती सव्वा लाखाच्या आसपास, नोटिशीत मागितले होते २९ लाखांच्या वर. ६० दिवसांत. मिस्टर ते वाचून काही बोललेच नाहीत, नुसते आत जाऊन झोपले. सासूबाई विचारायला लागल्या काय आलंय, मी म्हटलं बँकेचं स्टेटमेंट आहे.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. सरफेसी कायदा २००२ चा. कलम १३(२) ची नोटीस म्हणजे बँक सगळंच्या सगळं कर्ज एकदम परत मागते, नुसती थकबाकी नाही. ६० दिवसांत भरलं नाही तर कलम १३(४) खाली ताबा घेते, आधी प्रतीकात्मक, म्हणजे दारावर नोटीस चिकटवायची आणि दोन पेपरात छापायची, त्यातला एक मराठी. आपण पेपरात त्या चौकोनी ताबा नोटिसा बघतो ना, त्या या. मग खरा ताबा घ्यायला कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज, मग लिलाव. यात कोर्टात खटला भरायची बँकेला गरजच नाही, आणि आपण दिवाणी कोर्टात स्टे मागायला गेलो तर कलम ३४ नं ती वाट बंद केलेली आहे. आणि अजून एक, नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही, भाड्यानं द्यायलापण अडचण येते. एक एजंट घाईनं विकून टाका म्हणून मागं लागला होता, त्याला हे कलम माहीतच नव्हतं.

आता दिवाळखोरीचा भाग. उद्यमनगरातल्या एकानं मिस्टरांना सांगितलं, "नादारीचा अर्ज टाका कोर्टात, बँक काय बी करू शकत नाही, दोन हजार सोळाचा नवीन कायदा हाय." आम्हाला वाटलं हीच वाट. मिस्टरांचे धाकटे भाऊ न्यू जर्सीला असतात, त्यांना फोन केला तर तेपण म्हणाले, "वहिनी, इकडं दिवाळखोरीच्या कायद्यात चॅप्टर थर्टीन असतंय, माझ्या ऑफिसमधल्या एकानं घर असंच वाचवलंय, तिकडं काहीतरी असणारच की." त्या दिवशी रात्री मी पहिल्यांदा नीट झोपले.

दुसऱ्या दिवशी कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात एका वकीलसाहेबांकडं गेलो, मिस्टरांच्या मित्राच्या ओळखीचे. त्यांनी फाईल बघितली आणि म्हणाले, "ताई, अर्ज तुम्ही टाकू शकताय. पण घर बँकेकडं गहाण हाय न्हवं? मग त्या अर्जानं बँकेचा हात काय थांबत नाही." मग त्यांनी जे समजावलं आणि मी नंतर कायदे काढून वाचलं ते असं.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेत, ज्याला सगळे आयबीसी म्हणतात, तिसरा भाग व्यक्तींसाठी आहे. साध्या माणसाचं कर्ज, परतफेडीचा आराखडा, तोपर्यंत वसुली थांबवायची तरतूद, सगळं त्यात लिहिलेलं आहे. पण तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या लोकांपुरता. कंपनीच्या कोट्यवधीच्या कर्जाला सही देणाऱ्या डायरेक्टरला तो मिळतो, पाचगावच्या रो-हाऊसवाल्याला नाही. आपल्यासारख्यांना अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागू आहे, मुंबईत त्याचा भाऊ १९०९ चा. त्या १९२० च्या कायद्यात कर्ज ५०० रुपयांच्या वर असलं की अर्ज करता येतो, यावरूनच कळतं तो कुठल्या काळातला आहे. आणि त्याच्या कलम २८ मध्येच लिहिलंय की ज्याच्याकडं तारण आहे त्या सावकाराच्या तारण विकायच्या हक्काला या कायद्यानं बाधा येत नाही. म्हणजे नादारीचा अर्ज करून हातउसने, क्रेडिट कार्ड यांच्यापासून आडोसा मिळेल एखादवेळेस, पण होम लोन तारणाचं, ते त्याच्या बाहेर. वर नादार म्हणून नोंद झाली की मिस्टरांना धंद्यात उधारीवर एक टूलबीट मिळणार नाही. मी विचारलं, आणि आयबीसीचा तो भाग उद्या सगळ्यांना लागू झाला तर? तर त्यातपण राहतं घर वाचतं ते बोजा नसलेलं, गहाण घर नाही.

मला तरी अमेरिकेचं डोक्यातून जाईना. भाऊजींना म्हटलं त्या ऑफिसमधल्या माणसाला नीट विचारा. त्यांनी विचारलं, मग मीपण शोधून वाचलं, आणि तिथली गोष्टपण आपण समजतो तेवढी सोपी नाही. तिथं चॅप्टर १३ चा अर्ज पडला की त्याच क्षणी घराची जप्ती थांबते. मग कोर्टापुढं तीन ते पाच वर्षांचा आराखडा, चालू हप्ता भरत राहायचा आणि मागची थकबाकी त्या तीन-पाच वर्षांत तुकड्यातुकड्यानं फेडायची. पण मूळ कर्जाला, व्याजाला, मुदतीला कोर्ट हात लावू शकत नाही, ते राहतं घर असेल तर. १९७८ च्या त्यांच्या कायद्यातच तसं लिहिलंय. भाड्यानं दिलेलं दुसरं घर, सुट्टीचं घर असेल तर त्याचं कर्ज घराच्या किमतीपर्यंत कमी करून मिळू शकतं, १९८६ पासून शेतकऱ्यांसाठी चॅप्टर १२ आहे त्यात शेतावरचं कर्ज बदलतं, पण चॅप्टर १३ मध्ये राहत्या घराचं मात्र नाही. १९९३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं नोबेलमन खटल्यात एकमतानं हेच सांगितलं, आणि त्यात एका न्यायमूर्तींनी कारण दिलं की घरकर्जाकडं पैसा येत राहावा म्हणून कर्ज देणाऱ्यांना कायद्यानं हे झुकतं माप दिलंय. २००८ च्या मंदीत लाखो घरं जात होती तेव्हा हा नियम बदलायचा प्रयत्न झाला, खालच्या सभागृहात मार्च २००९ मध्ये मंजूर झाला आणि ३० एप्रिल २००९ ला सिनेटमध्ये ४५ विरुद्ध ५१ नं पडला. म्हणजे जिथं दिवाळखोरीचा कायदा इतका पक्का आहे तिथंसुद्धा राहत्या घराचं कर्ज बदलून मिळत नाही.

पण ते वाचताना मला एक गोष्ट लख्ख कळली आणि पुढचं सगळं त्यावरच उभं राहिलं. आम्हाला कर्ज कमी करून नकोच होतं. ३० लाख घेतले ते खरे, घर उभं आहे, ते फेडायचंच आहे. आम्हाला हवी होती ती थकबाकी फेडायला सवड, आणि तेवढ्यात घर लिलावाला जाणार नाही याची कुणीतरी लेखी हमी. अमेरिकेतल्या माणसाला हेच कोर्ट देतं. आपल्याकडं ते द्यायला कुणी त्रयस्थ नाही, बँकेनंच द्यायचं. मग बँकेकडंच ते लेखी मागायचं.

आणि त्यासाठी सरफेसी कायद्यात एक जागा आहे, कलम १३(३ए). ही जागा मूळ कायद्यात नव्हती. २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नोटिशीवर कर्जदाराचं म्हणणं बँकेनं विचारात घेतलंच पाहिजे, त्यानंतर हे पोटकलम आलं. कर्जदारानं हरकत किंवा निवेदन दिलं तर बँकेनं ते विचारात घ्यायचं आणि मान्य नसेल तर १५ दिवसांत कारणं लेखी कळवायची. त्या कारणांवर लगेच डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जाता येत नाही हे खरं, डीआरटीची वाट कलम १७ खाली ताबा घेतल्यानंतर ४५ दिवसांत उघडते आणि कोल्हापूरकरांना त्यासाठी पुणे गाठावं लागतं. (ऑगस्ट २०२५ मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं आलं, त्यासाठी आपल्या वकिलांनी किती वर्षं लढा दिला, पण डीआरटी काय इकडं आली नाही.) पण ते पत्र फाईलला लागतं, पुढं काहीही झालं तरी तेच आधी वाचलं जातं. वकीलसाहेब म्हणाले, "पत्रात रडगाणं लिहू नका, आकडे लिहा." 

मग मी बसले. तीन रात्री, मुलं झोपल्यावर, डायनिंग टेबलावर कर्जाचं पूर्ण स्टेटमेंट पसरून. आणि त्यात मला सापडलं. हप्ता चुकल्यावर बँकेनं पीनल चार्जेस, म्हणजे दंड, लावले होते, ते लावणार हे मान्य, पण ते चार्जेस पुढच्या महिन्यात शिलकीत मिळवून त्यावर परत व्याज धरलेलं होतं. मी पेन्सिलनं प्रत्येक महिन्याची शिल्लक गुणिले ९.४ भागिले १२०० करत गेले, पहिल्या महिन्यांत रुपयाचा फरक नाही, आणि जिथून दंड सुरू झाला तिथून आकडा जुळेना. दंड वजा करून गणित केलं की बरोबर जुळायचं. रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२३ चंच दुसरं सर्क्युलर आहे, दंड हा व्याज म्हणून लावायचा नाही आणि दंडावर व्याज चढवायचं नाही, जुन्या कर्जांना ३० जून २०२४ पर्यंत ते लागू करायचं होतं. रक्कम मोठी नव्हती, काही हजारांची. पण नोटिशीतला आकडा चुकीचा आहे हे सर्क्युलरच्या तारखेसकट दाखवता आलं.

पत्रात मी आधी हे कोष्टक दिलं. मग उत्पन्न का थांबलं, ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचं कधीपासून कामावर जाता येईल याचं सर्टिफिकेट. फाउंड्रीकडून येणं किती, बिलांच्या प्रती, जीएसटीचे रिटर्न. क्लासच्या फीचं रजिस्टर आणि पासबुक. आणि मग आमची मागणी, नोव्हेंबरपासून चालू हप्ता तारखेला भरणार, थकबाकी फेब्रुवारीअखेर ठरलेल्या टप्प्यांत पूर्ण भरणार, तोपर्यंत १३(४) ची कारवाई करू नये, दंडावरचं व्याज परत करावं, आणि सहा महिने नुसतं व्याज घ्यावं. पत्र शाखेला नाही, नोटिशीवर ज्या अधिकृत अधिकाऱ्याची सही असते त्याच्या नावानं. रजिस्टर एडीनं पाठवलं, मेलवर पाठवलं, आणि एक प्रत शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का तारखेसकट घेतला. शाखेतली मुलगी म्हणाली मॅडम मेल केलाय ना मग शिक्का कशाला, तरी घेतला.

उत्तर मुदतीत आलं. नुसतं व्याज घ्यायची मागणी फेटाळली, कारण तेच, ते पुनर्गठन ठरतं. दंडावरचं व्याज परत केलं. आणि टप्प्यांत थकबाकी भरायचं मान्य केलं, एक टप्पा जरी चुकला तर कारवाई पुढं चालू, ही अट घालून. मिस्टरांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि सासूबाईंना पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. त्या आत गेल्या आणि पाटल्या काढून घेऊन आल्या. आम्ही घेतल्या नाहीत, पण त्यांनी ते ज्या पद्धतीनं टेबलावर ठेवलं ते मला विसरता येणार नाही.

पैसा असा उभा केला. एक लेथ विकला, उद्यमनगरातच, ओळखीच्या माणसाला. फाउंड्रीवर एमएसएमई समाधान या छोट्या उद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, आमचं उद्यम रजिस्ट्रेशन आधीचं होतं म्हणून टाकता आली. २००६ च्या कायद्याप्रमाणं छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, उशीर केला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. तक्रार चालण्याआधीच त्यांनी निम्म्याहून जास्त बिलं भागवली. बाकीचं क्लासमधून, त्या दिवाळीत मी दहावीची एक जादा बॅच घेतली. महिना पाच टक्क्यानं देणारेपण घरी येऊन गेले, त्यांना चहा दिला आणि नको म्हणून सांगितलं.

एक मोठी खबरदारी. अर्धी थकबाकी भरली की खातं एनपीए तून बाहेर येतं असं बऱ्याच जणांना वाटतं, एक-दोन हप्ते भरून लोक निर्धास्त होतात. तसं नसतंय. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट केलंय, व्याज आणि मुद्दलाची सगळी थकबाकी शून्य झाल्यावरच खातं परत स्टँडर्ड, म्हणजे नियमित, होतं. आम्ही शेवटचा टप्पा फेब्रुवारी २०२५ मध्ये भरला त्याच दिवशी लेखी अर्ज दिला, खातं स्टँडर्ड झाल्याचं आणि नोटिशीची कारवाई बंद केल्याचं पत्र द्या. शाखेनं तोंडी सांगितलं झालंय म्हणून. मी पत्र हातात पडेपर्यंत पाठ सोडली नाही. बँकेनं तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकटात ऑनलाईन जाता येतं, तो अर्जपण मी भरून तयार ठेवला होता, लागला नाही.

त्याच फेब्रुवारीत रेपो उतरायला लागला, जूनपर्यंत ६.५० वरून ५.५० झाला आणि आमचं व्याज ८.४ वर आलं. या वेळी बँकेनं विचारलं, हप्ता कमी करायचा का. आम्ही हप्ता २४,९०० च ठेवला. मुद्दलात आता महिन्याला पाच हजारांच्या वर जातात आणि शेवटची तारीख २०४८ वरून २०४४ च्या आसपास आलीय.

सिबिलवर त्या महिन्यांची नोंद अजून दिसते. लेथ परत घ्यायला मशीन लोन विचारलं, दोन ठिकाणी त्यावरूनच नाही म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी बँकेचं ते स्टँडर्डचं पत्र आणि मागच्या वर्षाचे वेळेवर भरलेले हप्ते दाखवून अर्ज दिलाय. तोपर्यंत एकाच लेथवर दोन पाळ्या चालतात, सकाळची मिस्टर बघतात, पाठीला पट्टा बांधून, आणि दुपारनंतरची एक आयटीआय झालेला मुलगा.